मनोरीची खोली ठरवण्याआधी तिथी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की सगळ्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दोन दिवसांच्या स्वस्त सहलींची माहिती येऊ लागते. अलिबाग, काशीद, दिवेआगर ही नावे ठरलेली असतात, आणि त्यांच्या शेपटाला ‘मुंबईतच असूनही मुंबईबाहेर’ म्हणून मनोरी. राहायचे कुठे, खायचे काय, सूर्यास्ताचा फोटो कुठून घ्यायचा, हे सगळे त्यात असते. नसते ते भरती-ओहोटीचे. मनोरीची सहल बहुधा बिघडते ती याच एका कारणाने, म्हणून हे पत्र.

आधी जागा नीट समजून घेऊ. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याचे जुने नाव धारावी बेट. (झोपडपट्टीच्या धारावीशी याचा संबंध नाही. 1739च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावी किल्ला तो इथल्या चौक गावाजवळचा.) पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीची खाडी. भाईंदरकडून रस्ता झाल्यामुळे आज ते काटेकोर अर्थाने बेट उरलेले नाही. पण मालाड-बोरिवलीकडून जाणाऱ्याला खाडी ओलांडावीच लागते, नाहीतर दहिसर, मीरा रोड, भाईंदर, उत्तन असा मोठा वळसा पडतो. या वळशामुळेच मनोरीची शांतता अजून बरीचशी टिकली आहे.

आता भरतीचे गणित. कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. जुन्या शाळांत पावकी-निमकीबरोबर पाउणकी पाठ करून घेत, ती इथे कामी येते. चतुर्थीला चार पाउणे तीन, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. दिवसात भरती दोनदा येते, दोहोंत साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि दुसऱ्या दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास तासभरही चुकतो. पण कोणता शनिवार निवडायचा हे ठरवायला तेवढा पुरतो. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून नेमकी वेळ पाहून घ्यावी.

याचा सहलीशी संबंध काय? शनिवारी अष्टमी असेल तर भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दुपारी बाराला तुम्ही हौसेने किनाऱ्यावर पोहोचता तेव्हा पूर्ण ओहोटी असते, पाणी लांब गेलेले असते आणि समोर ओली, करडी वाळू पसरलेली असते. ते पाहून ‘इथे तर समुद्रच नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ. पाणी जवळ येते ते अंधार पडताना, म्हणजे उतरू नये अशा वेळी. एकादशीच्या शनिवारीही तीच गत. सकाळी सव्वाआठची भरती मुंबईहून निघणाऱ्याला गाठता येत नाही आणि उरलेला दिवस ओहोटीत जातो.

सोयीचा शनिवार म्हणजे तृतीया, चतुर्थी किंवा पंचमीचा, मग पक्ष कोणताही असो. भरती सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान असते. दुपारी पाण्यात उतरता येते आणि सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी मागे सरकून चालायला घट्ट, रुंद वाळू मोकळी होते. रविवारी हेच वेळापत्रक पाऊण तास पुढे सरकलेले मिळते. असा शनिवार महिन्यात जास्तीत जास्त एखाद-दुसरा सापडतो. म्हणून आधी दिनदर्शिका उघडावी आणि मग खोलीसाठी फोन करावा. बहुतेक जण उलट करतात.

पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत फार फरक नसतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी उधाणाचे दिवस टाळावेत. पौर्णिमेचे चांदणे आवडते खरे, पण ते वाळूवर बसूनच पाहावे.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही, हेही माहीत हवे. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. चार मीटरची भरती असेल तर मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी वाढते. किनारा सपाट असल्याने ते आडवे फार भराभर पसरते. वाळूत लांबट चर असतात, ते आधी भरतात. पुढच्या उंचवट्यावर गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस मागे वळतो तेव्हा त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये कमरेएवढे पाणी झालेले असते. ज्याला पोहता येत नाही तो इथे घाबरतो. गाड्यांचेही तसेच. ओहोटीत टणक दिसणाऱ्या वाळूवर नेलेली गाडी चाके रुतून बसते, आणि ती काढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी इंजिनपर्यंत येते. वाळूवर गाडी नेऊच नये.

पाण्यात उतरायची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास. भरती पूर्ण झाली की बाहेर यावे, कारण ओहोटीचा ओढ समुद्राकडे असतो आणि थकलेल्या माणसाला तो जुमानत नाही. खाडीच्या मुखाजवळ तर कोणत्याही वेळी उतरू नये. ओहोटीत अख्ख्या खाडीचे पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडते आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला खाली जबर वेग असतो. गोराईच्या चौपाटीवर जीवरक्षक असतात. मनोरीच्या निवांत पट्ट्यात कोणी असेलच असे धरू नये. निवांतपणा हवा तर ही जोखीमही आलीच.

प्रवासाचे थोडक्यात. मालाडला उतरून पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने मार्वे, तिथून लाँचने खाडीपार मनोरी. पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. लाँचवर दुचाकी चढवता येते. गोराईला जायचे असेल तर बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडी आणि तिथून लाँच. सगळ्या जलद लोकल मालाडला थांबत नाहीत, आणि रविवारी पश्चिम रेल्वेचा ब्लॉक (रुळांच्या देखभालीसाठी काही तास गाड्या बंद) असेल तर परतीचा हिशेब कोलमडतो. तो शनिवारच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावा. मार्वे रस्त्यावर वाहने अडतात. त्यातून रविवारी संध्याकाळी अक्सा आणि मार्व्याची गर्दी एकदमच परत फिरते. तेव्हा रविवारी चारच्या आत खाडी ओलांडावी, नाहीतर जेवण मनोरीतच उरकून रात्री निघावे. रात्री निघायचे ठरवले तर मनोरीला उतरताच शेवटची लाँच किती वाजता ते धक्क्यावरच विचारून घ्यावे. ती चुकली की भाईंदरचा वळसा, आणि त्या वेळी रिक्षावाला सांगेल तो भाव. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरावे लागते. चाकांची बॅग तिथे निरुपयोगी ठरते. पाठीवरची पिशवी आणि मागे पट्टा असलेल्या चपला घ्याव्यात.

राहण्याच्या बाबतीत मोठ्या चुका फोनवरच होतात. सांगितलेला दर खोलीमागे आहे की माणशी, हे पहिले विचारावे. इथे जेवणासकट माणशी दर सांगण्याची पद्धत बरीच आहे. दोन हजार ऐकून खोली स्वस्त वाटते आणि चौघांचे आठ हजार होतात. दुसरे, त्यात जेवणे किती आणि मासे धरून की वेगळे. तिसरे, खोली किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायची. भरती दुपारी तीनची असताना रविवारी दहालाच खोली सोडावी लागली, तर ओले कपडे बदलायची सोय काय? बहुतेक ठिकाणी सामान ठेवायला आणि एक न्हाणीघर वापरायला देतात, पण आधी ठरवलेले असेल तर. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि शांतता हवी असेल तर तोच सगळ्यात महत्त्वाचा: तुमच्याकडे किंवा शेजारच्या बंगल्यात दिवसाच्या पिकनिकचे गट घेतात का? घेत असतील तर सकाळी दहापासून स्पीकर सुरू होतो आणि समुद्राचा आवाज पाचपर्यंत ऐकू येत नाही. अनोळखी क्रमांकावर सगळे पैसे आधी पाठवू नयेत. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगावी, थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि बाकी पोहोचल्यावर.

चौघांचा एका रात्रीचा हिशेब असा मांडता येतो. मुंबईतल्या मुंबईत लोकल, बस किंवा रिक्षा आणि लाँच धरून माणशी दोनशे, म्हणजे आठशे. साध्या, वातानुकूलन नसलेल्या दोन खोल्यांसाठी चार हजार. जेवणखाण माणशी हजार, म्हणजे चार हजार. एकूण आठ हजार आठशे, आणि चुकलेल्या लाँचसाठी किंवा औषधासाठी बाराशे राखीव. दहा हजारांत चौघे, माणशी अडीच हजार. यात काटकसर करायचीच असेल तर ती खोलीत करावी, जेवणात नको. ज्यांना सोमवारची रजा मिळते त्यांनी शनिवार-रविवारऐवजी रविवार दुपार ते सोमवार असा बेत करावा. रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरते, दर सैल होतात आणि घासाघीस करायला तोंड राहते. रोख पैसे आणि सुटे जवळ ठेवावेत. फोनवरून पैसे देणे हल्ली सगळीकडे चालते, पण नेटवर्क गेले की धक्क्यावर खोळंबा होतो.

जेवणाबद्दल एकच सांगणे. ही गावे कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. इथे येऊन पनीर मसाला मागवणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहण्यासारखे आहे. बाटली मसाल्यातले (वर्षाचा करून बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला) कालवण आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) घरगुती जेवण देणाऱ्यांकडे आदल्या दिवशी सांगितले तर मिळतात. फुग्यांचे पीठ आंबवावे लागते, त्यामुळे ऐन वेळी मागून उपयोग नाही. सुके बोंबील घरी न्यायचे असतील तर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून न्यावेत, लोकलमधल्या शेजाऱ्यांसाठी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजे मासे कमी आणि महाग. शिवाय खवळलेला समुद्र डांबराचे काळे गोळे किनाऱ्यावर टाकतो. ते तळव्याला चिकटले तर खोबरेल तेल चोळून निघतात, साबणाने नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निळसर फुग्यासारखे दिसणारे, लांब दोऱ्यांचे विषारी जीव वाहून येतात. वाळूत मेलेले दिसले तरी त्यांना हात लावू नये. डंख झालाच तर चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, दोरा चिमट्याने काढावा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरावा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठावे, आणि त्या वेळी मधली खाडी मोठी वाटते. नेहमीची औषधे सोबत असावीत ती याचसाठी.

आपल्याकडे विनंती एवढीच, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सहलीच्या पानावर एक लहान चौकट द्यावी: येत्या शनिवार-रविवारची तिथी, दिवसाउजेडी येणाऱ्या भरती-ओहोटीची वेळ, पाण्याची उंची आणि रविवारचा रेल्वे ब्लॉक. चार ओळींची जागा लागेल. ती शुक्रवारच्या अंकात आली तर उपयोग. शनिवारी छापली तर वाचक तोवर मार्व्याच्या धक्क्यावर उभा असतो.

आपला,
एक वाचक, मालाड (पश्चिम)