दहावीच्या जूनमध्ये पोहणं बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की दहावीत गेलेल्या मुलांचे पालक शाळेत भेटायला येतात आणि त्यांतला एक तरी विचारतोच, "बाई, आता पोहणं बंद करू ना? पुढे त्याचा काय उपयोग?" गणित शिकवायला लागून मला २२ वर्षं झाली, तरी हा प्रश्न ऐकला की पोटात तुटतं. माझ्या वेळी तर कुणी विचारलंही नव्हतं. नववीत मी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये विभागीय स्पर्धेपर्यंत गेले होते. दहावीच्या जूनमध्ये कॉस्च्युम माळ्यावर गेला तो गेलाच.

स्पर्धेत पोहणारी मुलं पुढे यशस्वी होतात असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. पहाटे पाचला मुलाला गाडीवरून तलावावर नेणारं, कोचची फी भरणारं घर बहुतेक वेळा खाऊनपिऊन सुखी असतं. अशा घरातली मुलगी पुढे डॉक्टर झाली तर त्यातलं पाण्याचं श्रेय किती, हे कसं ठरवायचं? नुसत्या पदकानेही काही होत नाही. सचिन नाग यांनी १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं; त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये, तोही मरणोत्तर.

पण तलावावरून मुलं काय घेऊन येतात, ते मला वर्गात रोज दिसतं. चाचणीत मार्क कमी पडले की बाकीची मुलं पेपर घडी घालून दप्तरात टाकतात. पोहणारी एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेऊन आली. कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला, ते तिने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी बघतच राहिले. आम्ही स्प्लिट, म्हणजे शर्यतीतल्या प्रत्येक टप्प्याला लागलेली वेळ, अशीच बघायचो. दोनशे मीटरचं टायमिंग बिघडलं तर रडण्याआधी विचारायचं, कुठल्या पन्नासमध्ये बिघडलं? भिंतीपाशी वळताना, टर्नला, की शेवटच्या पंधरा मीटरला? अर्ध्या सेकंदासाठी वर्ष घालवलेल्या मुलाला हरणं परकं राहत नाही. त्याला ते मोजता येतं.

वीरधवल खाडेकडे बघा. कोल्हापूरचा हा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. खजानसिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेत जलतरणातलं भारताचं ते पहिलंच पदक. पुढे तो तहसीलदार झाला, सराव काही वर्षं सुटला. तरीही तो परतला, आणि २०१८ ला जाकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य त्याच्या हातून ०.०१ सेकंदाने निसटलं. आपल्याकडे पदकाचाच हिशेब होतो. मला मात्र नोकरीला लागल्यानंतर पुन्हा पाण्यात उतरलेला वीरधवल जास्त मोठा वाटतो.

आणि आमच्या सांगली जिल्ह्यातले पेठचे मुरलीकांत पेटकर! लष्करातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं त्यांच्या वाट्याला आलं ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. 'पुढे काय उपयोग' हा प्रश्न त्यांच्यापुढे उभं राहून कोण विचारेल?

पालकांना एवढंच सांगते : दहावीत सराव कमी करा, दोन तासांचा पाऊण तास करा, स्पर्धा एक वर्ष सोडा. पण पाणी तोडू नका. मुलींचं तर नक्कीच नको, कारण त्यांचं एकदा सुटलं की बहुतेकींचं कायमचं सुटतं, हे मी स्वतःवरून सांगते. आणि ज्यांच्या हाती सार्वजनिक तलाव आहेत त्यांना विनंती, की परीक्षेच्या वर्षातल्या मुलांसाठी पहाटे पाचची बॅच ठेवा, फी निम्मी करा. आमच्या गावात तलाव सहाला उघडतो आणि शाळेची गाडी साडेसहाला येते. या अर्ध्या तासात कुठलं मूल पोहणार?

आपली,
एक शिक्षिका, जि. सांगली