सोनीला पत्र

चंद्रपूर, २१ सप्टेंबर

चि. सोनीस,
सप्रेम जय भीम.

तू कोलंबोहून परत पाठवलेले चौदा हजार काल दुपारी खात्यात जमा झाले. मेसेज वाजला तेव्हा आपल्या दारूच्या दुकानाच्या जाळीपाशी दोन माणसं उभी होती. त्यांना दिलं, सुटे परत केले आणि मग चष्मा लावून वाचलं. आधी वाटलं बँकेचंच काही चुकलं. मग तुझं नाव दिसलं.

पैशाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. दादा फोटो काढून पाठवील. तेवढं फक्त कळव, की जेवतेस कुठे? स्कॉलरशिप तीन-तीन महिन्यांनी येते हे तूच सांगितलं होतंस. मागची जूनमध्ये आली. आता सप्टेंबर संपत आला. मधले दिवस कशावर काढलेस?

मावशीचं पित्ताचं ऑपरेशन नीट झालं. बाबूपेठच्या खोलीचं भाडं दोन महिन्यांपासून थकलंय, पण तो माणूस देईल. आजी रोज विचारते, पोरगी समुद्राजवळ राहते का? मी हो म्हणते.

आता खरं लिहायचं ते लिहिते. ऑगस्टमध्ये, आपलं बिनसायच्या आधी, तू एक फोटो पाठवला होतास. पांढऱ्या गणवेशातल्या मुली, दोन-दोन वेण्या, मागे शाळेची इमारत. खाली लिहिलं होतंस, "बघ आई, बौद्ध मुलींची शाळा, १९१७ ची." मी तो फोटो वरच्या गल्लीतल्या सगळ्यांना दाखवला. मग तुझा तो फोन झाला. त्या रात्री झोप लागेना, म्हणून तो फोटो काढून बसले आणि त्या शाळेचं नाव मोबाईलमध्ये टाकून वाचत गेले. विशाखा विद्यालय. काही इंग्रजीत होतं ते विहारातल्या सरांकडून समजून घेतलं. त्यांनी दोन संध्याकाळी दिल्या.

शाळा काढणारी बाई सेलेस्टिना डायस. नाव वाचून मला वाटलं, वसईची नाहीतर गोव्याची ख्रिश्चन असेल. सर म्हणाले, तिकडे किनाऱ्यावर पोर्तुगीज होते, त्यांच्यापासून ही नावं चिकटली, बाई पक्की बौद्ध. १८५८ चा जन्म, पानदुरा गावचा. तुला ते गाव माहीत असणार, तुझ्या अभ्यासात त्या वादाचं आहेच. १८७३ च्या ऑगस्टमध्ये, २६ आणि २८ तारखेला, हजारो माणसांसमोर मिगेट्टुवत्ते गुणानंद भंते पाद्र्यांशी वाद करायला उभे राहिले, ते याच गावात. सेलेस्टिना तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती तिथे होती की नाही ते देव... बघ, अजून जुनं तोंडात येतं. पण गावात दोन दिवस दुसरा विषय नसणार, एवढं तरी मला कळतं. मी पंधरा वर्षांची असताना आपल्या वस्तीत भंते आले होते, तेव्हा आठ दिवस चुलीपाशीसुद्धा तेच बोलणं चालायचं.

त्या वादाचा वृत्तांत वाचून ऑल्कॉट नावाचा अमेरिकन १८८० मध्ये लंकेत आला आणि बौद्धांच्या शाळा निघायला लागल्या. मुलांसाठी आनंद कॉलेज १८८६ चं. मुलींचं मात्र रखडत होतं. ज्यांना चांगलं शिकायचं त्यांनी मिशनऱ्यांच्या शाळेत जायचं आणि बायबल पाठ करायचं. तेव्हाची मंडळी म्हणत, शिकलेल्या बौद्ध मुलांना शिकलेल्या बौद्ध बायका नकोत का? हे वाचून मला जरा राग आला. पोरीला शिकवायचं तेही कुणाच्या तरी नवऱ्याच्या सोयीसाठी! पण सोनी, एकदा दार उघडलं की आत येणारी पोरगी कशासाठी शिकते हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. तुला मी डी.एड. कर म्हणत होते, तू पाली घेतलंस.

पुढचं वाचलं आणि मी उठून पाणी प्यायले. सेलेस्टिनाचा नवरा जेरेमियस डायस दारूच्या धंद्यातला होता. अरॅक. आपली माडी असते ना नारळाची, ती आंबवून गाळली की अरॅक. इंग्रज सरकार तिचे मक्ते लिलावात द्यायचं आणि त्यात माणसं गबर झाली, तशांपैकी हे घर. नवरा गेल्यावर तिने धंदा हातात घेतला, मळे सांभाळले. पुढे पदरचे पैसे घालून कोलंबोत मुलींची शाळा काढली. १६ जानेवारी १९१७, टरेट रोडवरचा एक बंगला. पहिल्या मुख्याध्यापिका डॉक्टर बर्निस बॅनिंग, अमेरिकेहून आलेल्या. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, शाळा तू फोटो काढलास त्या बंबलपिटियाच्या जागेत गेली.

तुला हे माहीत होतं का? फोटो पाठवलास तेव्हा माहीत होतं का? असेल तर फोनवर ते सगळं कसं बोललीस? आणि नसेल तर आता मीच सांगते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

तू म्हणालीस, "आई, तुझ्या पैशाला वास येतो." मग म्हणालीस, बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितलेत आणि त्यात मज्जवणिज्जा, म्हणजे दारूचा व्यापार, आहे. मी तो शब्द लिहून घेतला होता, रजिस्टरच्या मागच्या पानावर. तुझं खरं आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू पिणार नाही असं आहे आणि आजी त्या प्रतिज्ञा म्हणायला १६ ऑक्टोबर १९५६ ला इथल्याच मैदानावर उभी होती, तिच्या आईच्या कडेवर. तिच्या घरात मी सून म्हणून आले आणि जाळीमागे बसले. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती गं.

तुला आठवतं का कोण जाणे. आठवीत होतीस. विहारात पंचशील चाललं होतं, तू पुढे बसलेली, तुझा आवाज सगळ्यांत स्वच्छ. चार शीलं झाली. पाचवं, दारू वर्ज्य करायचं, "सुरामेरय मज्जपमादट्ठाना" आलं आणि तू म्हणता म्हणता मान वळवून मागे बघितलंस. मी खाली सतरंजीची दशी पिळत होते. त्या ओळीला मी कधीच ओठ हलवत नव्हते. खोटं कसं बोलायचं तिथे बसून? तुझे बाबा गेले तेव्हा तू चौथीत, दादा सातवीत, परवाना माझ्या नावावर झाला आणि तेराव्या दिवशी मी शटर उघडलं. भाऊ म्हणाला होता, विकून टाक. विकून काय खायचं होतं ते त्याने सांगितलं नाही.

दारूबंदीचे मोर्चे निघाले तेव्हा आपल्याच ओळखीच्या बाया होत्या त्यात. एकीने जटपुरा गेटपाशी मला बघून तोंड फिरवलं. तिचा नवरा माझ्याकडूनच पव्वा न्यायचा. तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली, त्या सकाळी मला पहिल्यांदा हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत भीती वाटायला लागली. मग डबे सुरू केले, तुला माहीतच आहे. पहाटे चारला उठून साठ पोळ्या लाटायच्या. तू शेगडीपाशी बसून संस्कृत व्याकरणाची माहेश्वर सूत्रं पाठ करायचीस आणि मी म्हणायचे, बाई, आधी डाळ हलव. ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, हे तुला कधी सांगितलं नाही. विहारात पाचही शीलं मोठ्याने म्हणायचे तेव्हा. तू नागपूरला होतीस, तू ऐकलंच नाहीस.

मग लॉकडाऊन. डबे बंद. दादाचा हप्ता थांबला, तुझी एम.ए.ची फी होती. २०२१ च्या पावसाळ्यात बंदी उठली आणि मी पुन्हा जाळी पुसली. तुझा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, तिकडच्या खोलीची अनामत, सगळं त्याच गल्ल्यातून गेलं.

हे सुनवायचं म्हणून लिहिलं नाही. लिहीत गेले आणि आलं. माफ कर.

सेलेस्टिनाचं मी तुझ्या तोंडावर मारायला सांगत नाही. पहिल्या रात्री तसंच मनात होतं, हे कबूल करते. म्हणणार होते, बघ, तुझी आवडती शाळा कशावर उभी आहे! पण जसजसं वाचलं तसतसं ते गळून पडलं. ती मोठ्या घरची, तिला निवडायला जागा होती. आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी बघ. डोक्यावर ओझी वाहिलेली बाई, तिने १९२२ मध्ये चोखामेळा मुलींची शाळा काढली, विशाखानंतर पाचच वर्षांनी. तिच्या हातात कसला मक्ता होता? म्हणजे तसंही होतं आणि असंही होतं. मी दोघींमध्ये कुठेच बसत नाही. मी एकाच मुलीला शिकवलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तिचा मुलगा आर्थर दारूबंदीच्या चळवळीत होता. त्याच घरचा, त्याच पैशावर वाढलेला. १९१५ मध्ये तिकडे दंगल झाली, इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि ज्यांना धरलं त्यांत तोही होता. त्याला मरणाची शिक्षा झाली. पुढे तो सुटला आणि आयुष्यभर लोकांना फणसाची झाडं लावायला सांगत फिरला. लोक त्याला कोस मामा म्हणत, कोस म्हणजे फणस. पण ते पुढचं. शिक्षा सुनावली ते आणि तो सुटला ते, याच्या मधले तिचे दिवस कसे गेले असतील? तिने काय खाल्लं असेल? आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत ही बाई दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा उघडते. मी तिथे थांबले आणि मोबाईल उलटा ठेवला. माझी मुलगी फक्त फोन उचलत नाही.

शाळेला जिचं नाव आहे त्या विशाखेची, बुद्धांच्या उपासिकेची, गोष्ट तूच मला सांगितली होतीस, डाळ हलवता हलवता. तिने आपला महालता दागिना विकायला काढला, एवढा महाग की श्रावस्तीत कुणी घेईना, मग तिनेच त्याची किंमत भरली आणि पूर्वाराम विहार बांधला. मी तेव्हा विचारलं होतं, दागिना आला कुठून? तू म्हणालीस, बापाने दिला, तो मोठा व्यापारी होता. कशाचा व्यापारी, हे ना मी विचारलं ना तू सांगितलंस.

लेक्चर झालं. तुला शिकवायला निघाले, तेही तुझ्याच विषयातलं. तू तिथवर पोचलीस याचा मला किती अभिमान आहे ते मला लिहिता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी तुझा पालीचा पहिला पेपर उघडून बघते. अक्षर कळतं, अर्थ कळत नाही.

आता शेवटचं. जून महिन्यापासून मी पुन्हा डबे सुरू केलेत. सातच आहेत, वेकोलितली, कोळसा खाणीतली पोरं. तुला सांगितलं नव्हतं, वाढले की सांगू म्हटलं. ते पैसे मी गल्ल्यात टाकत नाही. तुझ्या दहावीच्या कंपासपेटीत ठेवते, वेगळी वही आहे, तेल-गॅस वजा करून तारीखवार लिहिलेलं. दादाला सांगून वहीच्या पानांचाही फोटो या पत्रासोबत पाठवते, तू तपासून बघ. चार हजार दोनशे शिल्लक आहेत. तेवढेच उद्या पाठवते. चौदा हजारांचं तू म्हणशील तसं करू, मी त्यांना हात लावलेला नाही.

यातनं तांदूळ आण. नुसत्या चहावर राहू नकोस, तुला डोकं धरतं. एखाद्या रविवारी जमलं तर रेल्वेने पानदुराला जाऊन ये, बराचसा रस्ता समुद्राच्या कडेने आहे म्हणतात. आजीला तेवढा समुद्राचा फोटो हवा आहे.

२ ऑक्टोबरला ड्राय डे आहे. शटर दिवसभर बंद, डबे सकाळी नऊला निघून जातात. नऊनंतर मी घरीच आहे.

तुझी
आई