पाडसामागचा हम

परळ, २३ जून
रात्रीचे पावणेतीन

प्रिय दिन्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. वहिनींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला फोन केला नाही, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी उशीर झाला. दोन वर्षं अशीच गेली. माझं बाकी ठीक. साखर आहे तिथेच आहे. उजवा कान उतरलाय, वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, खालचं अजून स्वच्छ येतं. सुनंदा म्हणते, तिचं बोलणं नेमकं वरच्या पट्टीत असतं.

लिहितोय ते एवढ्यासाठी की परवा रात्री मी पुन्हा करडू झालो.

हस नंतर. आधी ऐक.

अंधेरीतला एक पोरगा मला अधूनमधून रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या सफाईची कामं देतो. त्याला ती सिंगापूरहून येतात, सिंगापूरला कुठून येतात ते देव जाणे. या खेपेला ३४ फाइली आल्या. नावं नाहीत, नुसते नंबर. प्राण्यांचे आवाज होते: ससा, कसलंसं वासरू, हरणाची पाडसं. वारा काढायचा, खरखर काढायची आणि प्रत्येक फाइल सलग ४० मिनिटांची करून द्यायची, सांधा कुठे कळता कामा नये. मला वाटलं पोरांचा कसला तरी गेम असेल. २८ हजार म्हणाले. या वयात २८ हजारांना कोण प्रश्न विचारतं?

सगळा घोळ १७ नंबरच्या फाइलीत आहे. पाडसाचा आवाज. दिन्या, इतकी वर्षं मी नाटकांत पडद्यामागून रडणाऱ्या पोरांचे आवाज काढले, पण हा आवाज ऐकून हेडफोन उतरवून ठेवला. कामाचा भाग जेमतेम ९ सेकंदांचा, बाकी सगळी धडपड. आणि त्या सगळ्याच्या खाली एक संथ, न हलणारा हम, विजेवर काही चालू असलं की येते ती घूं-घूं. आपल्याकडच्या विजेचा हम ५० हर्ट्झचा, तो मी झोपेतही ओळखतो. हा ५० चा नव्हता. आलेख काढून बघितला तर ६० वर सरळ रेघ, तिची जुळी १२० वर. ६० म्हणजे अमेरिकेची वीज.

आता मला सांग, रानात वीज कुठून येते? वीज आली म्हणजे खोली आली. ट्यूबलाइट, पंखा, फ्रीज, काहीतरी चालू होतं. पत्र्यावर खूर आपटल्याचे दोन आवाज होते, आणि एका ठिकाणी कुणीतरी खोकलं. अगदी निवांत खोकला, रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूस खोकतो तसा.

असेल, लस टोचत असतील. कानात बिल्ला मारत असतील. पाडसाला नुसतं दोन्ही हातांत धरलं तरी ते असंच किंचाळतं म्हणे. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून झालंय. पण हम मी काढला, पत्रा काढला, खोकला कापला. आता ऐकलं तर वाटतं, दूर कुठेतरी गवतात एकटं पडलेलं पाडस आहे. खोली होती हे जगात त्या फाइलीखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि फाइल मी धुतली. अशी धुतली की भट्टीवाल्याने बघत राहावं!

हे कशासाठी ते कळलं एका ओळीवरून. त्या पोराने सूचनांचा कागद चुकून अख्खा पुढे पाठवला. त्यात १७ पुढे लिहिलेलं: अस्वलासाठी, मध्ये खंड नको.

मग काय, रात्रभर व्हिडिओ बघत बसलो. तुला माहितेय माझं, एकदा शिरलो की शिरलो. तिकडे अस्वलाच्या शिकारीला पाडसाचा आवाज काढून अस्वलाला बोलावतात. आपल्याकडचं नव्हे, तिकडचं काळं अस्वल. तुमच्या मेळघाटातलं बिचारं वाळव्या ओढणार आणि मोहाची फुलं खाणार, त्याला पाडसाचं काय? तिकडचं मात्र हिवाळाभर बिळात झोपून वसंतात उपाशी बाहेर येतं, आणि मे-जूनमध्ये नेमकी हरणांची पाडसं नि मोठ्या सांबरांची वासरं जन्मलेली असतात. पहिले काही आठवडे त्यांना नीट पळता येत नाही. अस्वलाला तो आवाज म्हणजे ताट वाढल्याची हाक.

आणि बोलावतात कशाने, तर पिपाणीने! खरंच. लाकडाची नाहीतर प्लास्टिकची नळी, आत एक पातळ पत्ती. पत्तीवर ओठ कुठे दाबायचे त्यावर आवाज जाड की बारीक ते ठरतं, अगदी आपल्या जत्रेतल्या पिपाणीसारखं. अंगभर पानांचं चित्र असलेले कपडे घातलेला साडेसहा फुटी दांडगा माणूस झाडाला पाठ टेकून गाल फुगवून पिपाणी वाजवतोय आणि डोळे वटारून डोंगराकडे बघतोय. मला आपला लग्नातला सनईवाला आठवला, ज्याला तू जिलबी दाखवली होतीस.

पण त्यात शास्त्र आहे रे. अस्वलाचं नाक भयंकर, म्हणून वारा तोंडावर घेऊन बसायचं. खिशात पावडरची छोटी बाटली, दर थोड्या वेळाने फुसकन दाबून वारा कुठे जातो ते बघायचं. तरी अस्वल बेरकी असेल तर वळसा घालून वाऱ्याखालून येतं, म्हणून एक जण फुंकतो आणि दुसरा भलतीकडे तोंड करून बसतो. कारण त्या घटकेला पाडस म्हणजे तूच! बिबट्यासारखा प्यूमा येतो, कोल्ह्याच्या जातीचे कोयोटी येतात. काही भागांत ग्रिझली नावाचं मोठं तपकिरी अस्वल येतं, ज्याला तिकडे १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. ते समोर आलं तर हातात बंदूक असून माणसाने करायचं काय?

आणि खरी गंमत ही की काळं अस्वल लगेच विसरतं. आवाज थांबला की तेही थांबतं, दुसरं काहीतरी हुंगत बसतं. त्यामुळे पाऊण-एक तास न थांबता फुंकावं लागतं आणि फुंकणाऱ्याला घेरी येते. म्हणून हे रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे डबे, आणि म्हणून माझी ४० मिनिटं. काही राज्यांत अस्वलासाठी डबा चालत नाही, तोंडानेच वाजवावं लागतं. असा कायदा करणाऱ्याला काय वाटलं असेल याचा मी विचार करतोय. घेरी येईपर्यंत फुंकलं तर पाप कमी होतं?

तू आता म्हणशील, सुध्या, तुझं काय जातं? हेच मीही म्हणालो. तिकडे ती अस्वलं काही लाख आहेत, परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, पिल्लं बरोबर असलेल्या मादीला बऱ्याच ठिकाणी हात लावता येत नाही, लोक मांस खातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाला नुसतं मारायचा प्रयत्न केला तरी शिकारच धरतात. त्यांचं रान त्यांचा कायदा. वकील भाच्याला आडून विचारलं, तर म्हणाला, "मामा, तुम्ही मारताय का अस्वल?" आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

पण परवाची रात्र सांगतो. ९ सेकंदांची ४० मिनिटं कशी करणार? कितीही उलटसुलट जोडलं तरी माझ्या कानाला सांधा कळत होता. शेवटची लोकल गेली, पाऊसही थांबला. सुनंदा बहिणीकडे होती. मी माइक उघडला, जीभ टाळूला लावली, गळा आवळला. आणि आलं, दिन्या. ४४ वर्षांनी जसंच्या तसं आलं. शेवटी आवाज खाली पडतो आणि मोडतो, ते सुद्धा.

कान्हेरी, १९८१. तेव्हा आपण नुसतं बोरिवली नॅशनल पार्क म्हणायचो. शेवटची बस तू चुकवलीस (हो, तूच, चहावाल्याशी क्रिकेटवर वाद घालत बसला होतास) आणि वर मलाच म्हणालास, करडाचा आवाज काढ, बघू बिबट्या येतो का. मी काढला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा खालच्या झाडीत कुणीतरी लाकूड कापायला घेतलं. बिबट्या तसाच ओरडतो, पण तुला तेव्हा वाटलं खरंच करवत आहे! तू चाळीतल्या सगळ्यांना सांगितलंस की सुध्या आधी पळाला. कायमचं लिहून ठेव: आधी तू पळालास. माझी चप्पल राहिली कारण तू माझ्या चपलेवर पाय देऊन पळालास. पुरावा म्हणून उरलेली एक चप्पल आईने वर्षभर माळ्यावर ठेवली होती.

त्या रात्री परत येताना तू जे बोललास ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणालास, "तो भुकेने आला की कुणीतरी रडतंय म्हणून आला, हे आपल्याला कळणारच नाही." मी तुला मूर्ख म्हणालो होतो. बिबट्या तो, त्याला काय करडाची दया?

तर परवा. तासभर आवाज काढून झाल्यावर दाराशी खरवडल्यासारखं ऐकू आलं. तळमजला आहे, उंदीर असतात, लक्ष दिलं नाही. पुन्हा काढला, पुन्हा खरखर. दार उघडलं तर बाहेर तांबडी मांजर. नुकतीच व्यालेली, आचळं लोंबतायत. ती आत शिरली, माइकपाशी गेली, टेबलाखाली बघितलं, स्पीकरच्या मागे बघितलं, मग माझ्याकडे बघून ओरडायला लागली. बशीत दूध ठेवलं. तिने हुंगलं आणि पुन्हा स्पीकरच्या मागे गेली. पाच-सात मिनिटं शोधत होती. मग दूध पिऊन गेली. सगळं दूध प्यायली, हेही सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील सुध्या नाटक करतोय.

व्हिडिओत सांगतात की पाडसाच्या आवाजाला बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी हरिणी येते. धावत येते आणि झाडीत शोधत फिरते. तो दांडगा माणूस वैतागतो, कारण ती पाय आपटून, फुरफुरून सगळं रान सावध करते. तिच्या बाबतीत तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. अस्वलाचं मी अजूनही सांगू शकत नाही.

आज संध्याकाळी निरोप आला. सगळ्या फाइलींत १७ नंबर सगळ्यात जिवंत, असं म्हणाले. त्यातली जवळजवळ ३० मिनिटं माझा गळा आहे हे त्यांना माहीत नाही. आणि दिन्या, मला आनंद झाला. खरी गोम ही आहे. हातातला कप ठेवून आरशात बघून आलो. आयुष्यभर पाळण्यामागे बसून रडलो, हॅन्डबिलावर कधी नाव आलं नाही, आणि ६६व्या वर्षी कुणीतरी जिवंत म्हणतं तर ते यासाठी. पुढच्या मेमध्ये कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरावर माझा आवाज वाजेल आणि एक अस्वल झाडीतून बाहेर येऊन इकडेतिकडे बघेल. मी तिथे नसेन. तो खोकणारा माणूस तरी खोलीत होता.

सुनंदाला हे सांगितलं नाही. ती म्हणेल पैसे परत कर, आणि पैसे गच्चीच्या गळतीत गेले.

तुझं कसं चाललंय? गुडघा काय म्हणतो? संत्र्याला यंदा मृग बहार धरलास की पाणी बघून सोडून दिलंस? पिंकीला मुलगी झाली हे गोट्याकडून कळलं, अभिनंदन, नाव काय ठेवलं? वहिनींना आता नीट दिसत असेल तर माझं अक्षर त्यांनाच वाचायला दे.

आता मूळ गोष्ट. त्यांचं नवं काम आलंय. अस्वलाच्या पिल्लाचं रडणं. तोही आवाज लावून अस्वलं बोलावतात. दिलेला नमुना इतका वाईट आहे की त्यातून काही निघत नाही, आणि माझ्या गळ्यात तो आवाज नाही. तुझ्या गळ्यात होता. चाळीत दरवेशी यायचा तो आठव. पोरांची भीती जावी म्हणून आया दहा पैसे देऊन त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या. तू बसलास, मी संडासात लपलो. केसाचा ताईत चौथीपर्यंत तुझ्या गळ्यात होता. एका उन्हाळ्यात त्याच्याबरोबर पिल्लू होतं, नाकात नवी दोरी घातलेलं, जखम ओली होती. दोरीला हिसका बसला की ते जे काढायचं, ते तू नंतर कितीतरी दिवस जिन्यात काढायचास. खालच्या काकू दारं लावून घ्यायच्या.

म्हणून फोन केला नाही. फोन केला असता तर दुसऱ्याच मिनिटाला म्हणालो असतो, दिन्या, काढ बघ तो आवाज. आणि तू काढला असतास, आणि मी फोन रेकॉर्डला लावला असता. मला मी चांगला माहीत आहे.

सोमवारपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय, हे पत्र तोवर पोचणारही नाही. तरी उत्तर लिही. तू हो म्हणालास तर मला नाही म्हणावंसं वाटेल, आपलं पहिल्यापासून तसंच आहे.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात १७ नंबरची मूळ फाइल आहे, न धुतलेली. हम, पत्रा, खोकला, सगळं जागच्या जागी. माझ्याकडची पुसून टाकतोय. तुझ्याकडे असू दे. रात्री मोठ्याने लावू नकोस, तुझ्या वाडीच्या कडेला काय काय फिरत असतं.

तुझा,
सुध्या