स्वस्त वॉकीटॉकी म्हणजे हॅम रेडिओ नव्हे

महोदय,

मिरवणुकीत आणि गडकोटांवरच्या ट्रेकमध्ये ऑनलाइन मागवलेले छोटे वायरलेस संच हल्ली सर्रास दिसतात. संच स्वस्त मिळतो, पण परवान्याची कुणी चौकशी करत नाही. आमच्या साताऱ्यात रविवारी सकाळी १४५ मेगाहर्ट्झवर कान लावला, की परवानाधारकांच्या गप्पांमध्ये "गाडी कुठं लावू?" असे आवाज घुसतात. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात हौशी म्हणजेच हॅम रेडिओचालकांचा, परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांचा आहे. तिथे कॉल साइनशिवाय (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-संकेताशिवाय) बोलणे बेकायदा आहे, आणि धंद्याचे बोलणे तर परवाना असूनही चालत नाही.

तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे, की या परवान्याची रीतसर परीक्षा द्या. वयाची अट फक्त बारा वर्षांची. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागत नाही. जनरल श्रेणीला मोर्समध्ये मिनिटाला आठ शब्दांचा वेग हवा, आणि त्या बदल्यात प्रक्षेपणाची जास्त शक्ती वापरता येते. मी स्वतः रिस्ट्रिक्टेडवाला, माझी कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते. तेवढ्यावरही ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत दूरदेशी बोलता येते.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅम रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींवरून (शॉर्टवेव्ह) निरोप पोहोचवले. फोन बंद होते, पण हाताशी संच होता, परवाना होता आणि मुख्य म्हणजे सराव होता. जिल्ह्याच्या ठिकाणी ही परीक्षा नियमित व्हावी, एवढीच सरकारकडे मागणी आहे.

– एक हौशी रेडिओचालक, सातारा