चरात सापडलेला तरुण

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. तू दरवर्षी वर्गात इटलीतल्या पॉम्पेई या रोमन शहराची गोष्ट सांगतोस, सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू. ती आता बदलावी लागेल रे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत ती दोघं गाडली गेली, देह कुजले आणि राखेत पोकळी राहिली. अशा पोकळीत प्लास्टर ओतून माणसाचा आकार काढायची पद्धत इटलीच्या फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने १८६३ मध्ये सुरू केली. प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांच्या तुकड्यांतून डीएनए काढला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले. कडं घालणारी ती आई नव्हेच, तो पुरुष होता. आणि मूल त्याच्या रक्ताच्या नात्यातलंही नाही. मग त्या आगीच्या लोटात ते पोर त्याच्यापाशी कसं आलं? मला तर आधीच्या गोष्टीपेक्षा हीच जास्त चटका लावून गेली.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच एका माणसासाठी. इंग्लंडात केंब्रिजजवळ ए-१४ महामार्गाचं काम चाललं होतं, तेव्हा ऑफर्ड क्लूनी गावाशी एका चरात हा सापडला. एकटाच. सोबत भांडं नाही, दागिना नाही. वय अठरा ते पंचवीस, काळ साधारण इ.स. १२६ ते २२८ मधला, म्हणजे ब्रिटन रोमच्या ताब्यात असतानाचा. नुसता सांगाडा पाहून तिथलाच कुणी शेतमजूर म्हणून सोडून दिला असता. पण त्याचा डीएनए तपासला गेला.

आपल्या आतल्या कानाभोवतीचं हाड शरीरातलं सगळ्यात घट्ट. डीएनए टिकला तर तिथे टिकतो, तोही चुरा होऊन. तुकड्यांची टोकं काळाने झिजलेली असतात, आणि त्या खुणेवरूनच तो जुना आहे, हाताळणाऱ्याचा नाही, हे ओळखतात. (आपल्या उष्ण हवेत तेवढंही उरत नाही. तेव्हा डेक्कन कॉलेजात असलेले वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाचे ६१ नमुने तपासले, कामाचा निघाला एक.) तर या तरुणाचा डीएनए ब्रिटनमधल्या कुणाशीच जुळेना. जुळला तो कॉकेशस आणि काळ्या समुद्रापलीकडच्या सार्मेशियन लोकांशी, म्हणजे घोड्यावर जगणाऱ्या जमातींशी.

डीएनए पूर्वज सांगतो, पण हा स्वतः कुठे वाढला ते दातांना विचारावं लागतं. दात लहानपणी थराथराने बनतात आणि त्या त्या वर्षीचं अन्न त्यांत नोंदलं जातं. पाच-सहा वर्षांचा होईस्तोवर हा कोरड्या मुलखात होता आणि त्याच्या खाण्यात ज्वारी-बाजरीच्या गटातलं धान्य होतं. ही पिकं हवेतला कार्बन गव्हापेक्षा वेगळ्या रीतीने घेतात, म्हणून ती ओळखू येतात. पुढच्या थरांत ते धान्य कमी कमी होत जातं. हे वाचलं तेव्हा, दिन्या, तुझ्या आईच्या हातची भाकरी आठवली आणि मी पान मिटून ठेवलं.

रोमन इतिहासकार कॅसियस डिओने लिहून ठेवलंय की इ.स. १७५ मध्ये रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियसने ५,५०० सार्मेशियन घोडेस्वार ब्रिटनला धाडले. हा त्यांच्यातला होता की त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा, हे हाड सांगत नाही. तरी एवढ्या लहानपणी निघाला म्हणजे घरची माणसं बरोबर असणार, असं मला वाटतं.

रोम शहराचाही असा अभ्यास २०१९ मध्ये झाला, १२७ माणसांचा. साम्राज्याच्या काळात तिथे राहणाऱ्या बऱ्याच जणांची मुळं पूर्व भूमध्य समुद्राकडची निघाली. मोठंच काम आहे ते. पण माझ्या मनातून तो चरातला पोरगा काही जात नाही.

पुढच्या आठवड्यात तुझा रोमचा धडा आहे ना? पोरांना याच्याबद्दल सांग. कुणी विचारलं की तो एवढ्या लांब जाऊन शेताच्या कडेला एकटा का पुरला गेला, तर त्यांना काय वाटतं ते मला सविस्तर कळव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
अवी