राखेत चाललेलं ॲल्युमिनियम वाचवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

भंगारातून ॲल्युमिनियम काढायला बॉक्साइटपासून नवीन बनवण्याच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, हे सगळीकडे छापून येतं आणि ते खरंच आहे, पण त्या भंगारातलं किती मेटल भट्टीतच जळून जातं याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. भोसरीत छोट्या भट्ट्यांवर माझी अठरा वर्षं गेलीत.

ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं. पण ऑर्डरची घाई असली की बर्नर फुल्ल सोडतात, मेटल ८०० च्या वर जातं, आणि लेथवरचा बारीक कीस फावड्याने तसाच वरून टाकतात. कीस हलका, तो तरंगतो, ज्वाला थेट त्याच्यावर, मग वितळायच्या आधीच त्याचा ऑक्साइड होऊन बसतो. तोच कीस तेल-पाणी काढून सुकवला, दाबून विटा केल्या आणि पातळ मेटलच्या खाली बुडवला तर कितीतरी जास्त माल हाती लागतो. ओला कीस तर टाकूच नका हो, पाणी मेटलखाली गेलं की भडका उडतो, माणसं भाजतात.

आणि राख, म्हणजे ड्रॉस, वितळलेल्या मेटलवर तरंगणारा मळ, जो वरून ओढून काढतात आणि ज्यात बरंच मेटल अडकलेलं असतं. रात्री ओढलेला ढीग पहाटेपर्यंत लालभडक असतो, मधेमधे पांढरा पेटतो, नवीन पोरांना वाटतं गरम आहे म्हणून लाल दिसतंय, अरे ते आतलं ॲल्युमिनियम जळतंय! सकाळी हाताला नुसती करडी भुकटी लागते. तीच राख ओढल्या ओढल्या प्रेसमध्ये दाबली तर मेटल खाली गळतं, हवा तुटते, जळणं थांबतं. उघड्यावर टाकलेल्या राखेवर पहिला पाऊस पडला की अमोनियाचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात, कारण तिच्यातल्या नायट्राइडची, म्हणजे ॲल्युमिनियम आणि हवेतला नायट्रोजन मिळून झालेल्या पदार्थाची, पाण्याशी रिॲक्शन होते. शेडमागे राहणाऱ्या लोकांनी हे का सोसायचं?

टेंपरेचर बघायला पायरोमीटर आणि भट्टीला झाकण, एवढं तर प्रत्येक मालकाला जमेल. प्रेसचं तसं नाही, दोन भट्ट्यावाल्याला ती परवडत नाही, आणि सामायिक प्रेस ठेवूनही उपयोग नाही कारण राख गरम असतानाच दाबावी लागते. म्हणून सरकारने प्रेससाठी स्वस्त कर्ज द्यावं, आणि कीस सुकवून विटा करायचं एक सामायिक केंद्र एमआयडीसीत काढावं, ते नक्की चालेल, कीस तर प्रत्येक मशीनशॉपमध्ये रोज पडतो.

आपला,
भट्टीवरचा एक वाचक, भोसरी