माळ, मॅट आणि तुझ्या पोरीचा ज्युदो

नाशिक, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बारक्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, एकदा कंपनीच्या बसमध्ये, एकदा गच्चीवर आणि एकदा बायकोला ऐकवला. ती म्हणाली हे फोनवर बोलू नका, तुम्ही दोघं विषय सोडून मिसळीवर जाता. म्हणून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बस.

तर पोरीला ज्युदो शिकायचाय आणि घरात मोठ्यांचं म्हणणं असं की तिथे त्या जपानी म्हाताऱ्याच्या फोटोपुढे गुडघ्यावर बसून डोकं टेकवतात, हे आपल्यात, म्हणजे मुसलमानांत, चालत नाही. आणि तू मला विचारतोयस, कारण तुझ्या ओळखीत ज्युदोवाला आणि देवधर्मवाला असा एकच नमुना आहे, तो म्हणजे मी. बरोबर ओळखलंस.

पण आधी एक जुनं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहवणार नाही. पंचवटीतल्या आपल्या तालमीत आपण सातवीत असताना यायला लागलो, आठवतंय ना, ती तांबडी माती, हळद-ताक-तेल घालून मळलेली, तिचा वास अजून नाकात आहे. सकाळी टाकळीच्या मारुतीपर्यंत पळायचं, परत येऊन जोर-बैठका, शनिवारी नारळ. सगळे आत येताना माती कपाळाला लावायचे आणि कोपऱ्यातल्या मारुतीला हात जोडायचे. तू माती लावायचास, हात जोडायचा नाहीस. एकदा वस्तादांना ते कुणीतरी जाऊन सांगितलं होतं आणि तू आठवडाभर शोधत होतास की चुगली कुणी केली. मी केली होती. पस्तीस वर्षं झाली. वस्ताद मला काय म्हणाले ते पण ऐक: "त्यानं मातीला हात लावला ना? मग तुझं काय दुखतंय? चल, दोनशे बैठका." त्या दिवशी मला जिना उतरता येत नव्हता आणि तूच मला सायकलवर डबल सीट घरी सोडलंस. वस्ताद हा शब्दही उस्तादवरूनच आलेला, हे मला फार नंतर कळलं. आणि तालमीपासून काळाराम मंदिर चालत पाच मिनिटांवर, जिथे देवापुढे उभं राहायला मिळावं म्हणून २ मार्च १९३० पासून लोकांनी वर्षानुवर्षं सत्याग्रह केला, आणि त्याच गल्लीत मी एक पोरगा देवाला हात का जोडत नाही म्हणून चुगली करत होतो. असो. माफ कर किंवा नको करू, पण आता तुला माहिती आहे.

आता ज्युदोचं. मी चाळिशीत सुरू केला, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, म्हणजे अगदीच चुकीच्या वेळी. अंबडच्या कंपनीतून सुटलो की आठवड्यातून तीन दिवस क्लास, एका मंगल कार्यालयाचा हॉल आहे, लग्नसराईत क्लास बंद. पहिल्या दिवशी सगळे ओळीत वज्रासनात बसले, समोर ज्युदो काढणाऱ्या कानो जिगोरोचा फोटो, सर म्हणाले "शोमेन नी रेई", म्हणजे समोर नमस्कार, आणि सगळे वाकले. मी पण वाकलो, मला काहीच वाटलं नाही, कारण आमच्यात वाकायची सवय एवढी आहे की विचारू नकोस. दिंडीत तर कोण कुणाच्या पाया पडतंय याचा हिशेबच नसतो, सत्तर वर्षांचा माणूस दहा वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि पोरगं त्याच्या पडतं, दोघं एकमेकांना माऊली म्हणतात. त्यामुळे शेवटी जोडीदाराला वाकून रेई करायचं तेव्हा मला ते थेट घरचंच वाटलं. पण मला वाटलं नाही म्हणून तुझ्या सासऱ्यांना वाटू नये असं कुठाय?

मग मी थोडं वाचलं. कानोने १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत सुरुवात केली, पण मंदिर ही फक्त मिळालेली जागा होती रे, जसं आमचं मंगल कार्यालय. माणूस शिक्षक होता, शाळा-कॉलेजं चालवायचा, १९०९ मध्ये ऑलिम्पिक समितीवर गेलेला आशियातला पहिला माणूस. त्याने ज्युदोत पूजा-प्रार्थना काही घातली नाही. आयकिदोचं वेगळं, तो काढणारा उएशिबा ओमोतो नावाच्या पंथाचा पक्का भक्त होता, तिथे मुळातच धर्म मुरलेला आहे. म्हणजे सगळ्या मार्शल आर्टला एकच तराजू लावू नकोस, कुठली कला, कुठला क्लास, भिंतीवर काय आहे, हे बघावं लागतं. आता "दोजो" हा शब्द मात्र खरंच बौद्धांचा, आपल्याकडच्या बोधिमंड शब्दाचं चिनी भाषांतर होऊन जपानला गेलेला, म्हणजे बुद्धाला जिथे ज्ञान झालं ती जागा. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली मग पांडवलेणीला, बुद्धाच्या लेण्यांत, जाऊन कुस्ती खेळ. माझा मामा तर अजून पुढचा, त्याच्या व्हॉट्सअॅपप्रमाणे बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूने इथून जाऊन चीनच्या शाओलिन मठात सगळं शिकवलं म्हणून हे आपलंच आहे आणि चालतं. ती गोष्ट ज्या पुस्तकावर उभी आहे ते बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेलं, पण मामाला कोण सांगणार. आणि मला तो युक्तिवादच पटत नाही, आपलं असलं की चालतं आणि परक्याचं असलं की बाटतो, म्हणजे धर्म नव्हे, नुसती मालकी झाली.

माझी अडचण वाकण्याची नव्हतीच. माझी अडचण गळ्यात होती.

तुला माहितीये माझी माळ. एकोणिसाव्या वर्षी पौष वारीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या समाधीपाशी घातली, वडील गेले त्या वर्षी. १०८ मण्यांची तुळशीची. तेव्हापासून मांस-मच्छी-दारू बंद, एकादशी, आणि माळ गळ्यातून काढायची नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही, एमआरआयवाल्याशी पण हुज्जत घातली होती, धातू नाही म्हणून जिंकलो. आता ज्युदोचा नियम बघ, अंगावर कडक वस्तू नको, म्हणजे अंगठी, घड्याळ, चेन काही नाही. कारण साधं आहे, सगळा खेळ कॉलर धरण्याचा, समोरच्याची बोटं सतत तुझ्या गळ्यापाशी. आणि गळा आवळायचे डाव पण असतात, त्यात मणी घशावर रुतले की झालं.

सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले माळ काढून ठेवा. मी म्हटलं सर ही निघत नाही. ते म्हणाले मग टेप लावा. मी टेप लावली, घामाने सुटली. मग उंच गळ्याचा टाइट टीशर्ट आणला, माळ दोन वेढे घालून त्याच्या आत. दोन वर्षं असं चाललं आणि मी स्वतःला हुशार समजत होतो. खरं सांगू, आत कुठेतरी माहिती होतं की हा जुगाड आहे, सरांना पण माहिती होतं, पण मी क्लासमधला सगळ्यात म्हातारा आणि फी वेळेवर देणारा, त्यामुळे कोणी बोलत नव्हतं.

मागच्या महिन्यात रांदोरी चालू होती, म्हणजे खुली झटापट. माझ्यासमोर इंजिनिअरिंगचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, मी माळ घातली तेव्हा होतो तेवढाच. त्याने कॉलर धरली, मी वळलो, त्याचं बोट टीशर्टसकट माळेत अडकलं आणि मी अजून वळलो. तो ओरडला. त्याच क्षणी धागा तुटला, म्हणून बोट वाचलं, नाहीतर माझं वजन ऐंशी किलो आहे. मणी सगळ्या मॅटवर. एक सेकंद हॉल गप्प, आणि मग सगळी पोरंपोरी गुडघ्यावर बसून मणी वेचायला लागली, कुणी न सांगता, एक सरदारजींचा नातू आहे तो तर मॅटच्या फटीत बोटं घालून काढत होता. सर स्वतः ओणवे. तो पोरगा सुजलेलं बोट बर्फात धरून दुसऱ्या हाताने मणी वेचत होता आणि मलाच सॉरी म्हणत होता. मला रे इतकी लाज वाटली. दोन दिवसांनी त्याचं प्रॅक्टिकल होतं.

माळ तुटली की परत गळ्यात येईपर्यंत आम्ही अन्नपाणी घेत नाही. आणि मी दीड तास घाम गाळलेला, जीभ टाळूला चिकटलेली, बाटली समोर. गाडी काढली, आधी पोराला डॉक्टरकडे नेला, फ्रॅक्चर नव्हतं, मग रामकुंडावर गेलो तर माळांची दुकानं बंद झालेली. आईकडे गेलो. ती ७४ वर्षांची, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दुसऱ्याचं राहिलंय, तिने न बोलता दोरा घेतला आणि ओवायला बसली. १०६ भरले. दोन कमी. मग तिने देवघरातल्या डबीतून वडिलांची माळ काढली आणि त्यातले दोन मणी घेतले. पावणेबाराला माळ गळ्यात आली आणि मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायलो. ती एवढंच म्हणाली, "त्या पोराच्या आईला फोन केलास का?"

केला नव्हता. दुसऱ्या दिवशी केला.

मी तेव्हापासून रांदोरी सोडली, बारक्या. आवळायचे डाव सोडले, जमिनीवरची झटापट सोडली, स्पर्धेचा तर प्रश्नच नाही. सरांना जाऊन सरळ सांगितलं की माळ निघणार नाही आणि दुसऱ्याचं बोट मी पणाला लावणार नाही, मग मला काय करता येईल ते तुम्ही सांगा. ते म्हणाले हे दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतं. आता मी नव्या पोरांना पडायला शिकवतो, म्हणजे उकेमी, आणि नागे नो काता शिकतोय, पंधरा थ्रो ठरलेल्या क्रमाने, पकड कुठे पडणार ते दोघांना आधीच माहिती. बोच आहे, खोटं कशाला बोलू. बाकीचे भिडतात तेव्हा मी कडेला उभा राहून घड्याळ धरतो. पण व्रत माझं आहे तर त्याची किंमत मीच द्यायला पाहिजे ना, ती त्या पोराच्या बोटातून का जावी.

तुझ्या पोरीचं प्रकरण माझ्यापेक्षा सोपं आहे असं मला वाटतं, पण तुमच्यातलं मी सांगणारा कोण, मौलानांना विचार, फक्त विचारताना नीट विचार. "फोटोपुढे डोकं टेकवतात" असं विचारलंस तर उत्तर नाहीच येणार. स्पर्धेत जे करावं लागतं ते उभ्याने, कमरेतून साधारण तीस अंश वाकणं, समोरच्या खेळाडूला आणि मॅटवर येता-जाता. ते टळत नाही. अमेरिकेत एका घरच्या मुलांनी फोटोला आणि मॅटला वाकणार नाही म्हणून केस केली होती, २००२ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे वाकणं धार्मिक नाही, आणि ते हरले. गुडघ्यावर बसून फोटोला वाकणं मात्र क्लासची रीत असते, तिथे कोचशी बोलता येतं. ती त्या वेळी नुसती ताठ बसली तरी आमच्या सरांना चालेल, तुमच्या जळगावच्या सरांना चालतं का ते पहिल्या दिवशी विचार, फी भरायच्या आधी, माझ्यासारखं दोन वर्षांनी नको. आणि पोरीला पण विचार रे तिला काय वाटतं, सगळे तिच्या कपाळाबद्दल बोलताय आणि ते आहे तिचं.

उद्या मोठी झाली आणि डोकं झाकायचं म्हणाली तर त्याचंही झालेलं आहे. लंडन २०१२ ला सौदीची वोजदान शाहेरकानी, सोळा वर्षांची, तिला आधी नाही म्हणाले, कारण काय तर गळा आवळण्याच्या डावात स्कार्फ धोक्याचा. माझ्या माळेचंच दुखणं! मग मध्यम मार्ग निघाला, पोहायच्या टोपीसारखी घट्ट टोपी. ती ८२ सेकंदांत हरली, पण ऑलिम्पिकमध्ये उतरलेली सौदीची पहिली बाई ती. तुळशीची माळ टोपीसारखी शिवता येत नाही म्हणून मी कडेला, नाहीतर मी पण अर्ज केला असता.

ड्रेस घेताना एक साइज मोठा घे, कॉटन असतो, पहिल्या धुण्यात आटतो. नखं कापून पाठव. पहिले दोन महिने नुसतं पडायला शिकवतील, ती कंटाळेल, तेव्हा सोडू देऊ नकोस.

आणि हो, परवा क्लासमध्ये मॅट उचलून झाडत होते तर त्या सरदारजींच्या नातवाला एक मणी सापडला. कागदात गुंडाळून आणून दिला. आता एकच राहिला. तू मे महिन्यात येशील तेव्हा तुला ती फट दाखवतो, तुझी बोटं अजून बारीक असतील तर तूच काढ. भाभींना सलाम, पोरीला माझ्याकडून एक धपाटा.

तुझा,
माळकरी